चौदा नंबरची आत्या

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाने नायगारा पाहिलेला असावा, अशी मिरजेत सगळ्यांची अपेक्षा असते. मी तो पाहिला नाही. शेजारच्या पाटीलबाईंनी डोळे मोठे करून विचारलं, मग दोन महिने तिथे केलंत काय? मी म्हटलं, एक काळा पडदा पाहिला, एक सतरंजी पाहिली आणि एका गृहस्थांच्या नातीच्या दातांची साद्यंत माहिती घेतली. संध्याकाळी बाईंनी माझ्यासाठी काढा पाठवला. तेव्हा म्हटलं, हे एकदा नीट लिहूनच काढावं.

ट्रॉय

माझा धाकटा भाऊ शिरीष मिशिगनमध्ये ट्रॉय नावाच्या गावी हृदयाचा डॉक्टर आहे. तीस वर्षांहून अधिक काळ तो मला फोनवर 'ताई, एकदा ये ना' म्हणत आला. दारातून निघालेल्या माणसाला 'चहा घेऊन जा की' म्हणतात ना, तसं. यंदा मात्र त्याने विचारलंच नाही, थेट तिकीट पाठवलं. विमानतळावर चाकाची खुर्चीसुद्धा सांगून ठेवली होती. माझे पाय चांगले धडधाकट आहेत, पण भावाने एवढं केलं म्हणून मी आजारी चेहरा करून त्या खुर्चीत बसले. मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी उलगडा झाला.

शिरीषला एकच मुलगी, रेवा. पंचवीस वर्षांची. सहाव्या वर्षापासून व्हायोलिन शिकते, तेही त्यांचं, पाश्चात्त्य. सहा वर्षं संगीताच्या कॉलेजात काढली. आता तीन वेगवेगळ्या गावांतल्या तीन ऑर्केस्ट्रांत बदली वादक म्हणून वाजवते. म्हणजे तिथला कुणी आजारी पडला, बाळंत झाली, रुसून बसला की हिला फोन. मग ही गाडी काढून चार तास जाते, दोन तास वाजवते, चार तास परत येते. बाकीचे दिवस आईवडिलांच्या बेसमेंटमध्ये राहून दिवसाचे सहा तास रियाज. पक्की नोकरी मिळवायची तर ऑडिशन द्यावी लागते, आणि अशा अकरा ऑडिशन देऊन झाल्या होत्या. बारावी सहा आठवड्यांवर होती. ती हुकली तर ऑगस्टपासून हॉस्पिटल चालवण्याच्या शिक्षणाला जायचं आणि व्हायोलिन पेटीत ठेवायचं, असं वचन तिने आईवडिलांना दिलं होतं.

"पण ती वचन पाळेल याची मला खात्री नाही," शिरीष म्हणाला. "म्हणून तुला बोलावलं. तू तिला समजाव. तुझं ऐकेल ती. तू स्वतः भोगलंयस हे सगळं."

मी चाळीस वर्षं मिरजेत गाणं शिकवलं. परीक्षांना मुली बसवल्या, पेट्या उचलल्या, गणेशोत्सवात ध्वनिक्षेपक बिघडलेला असताना गायले. लग्न केलं नाही. यातलं कोणतं भोगणं भावाच्या मनात होतं, हे मी विचारलं नाही. एवढं कळलं की मी पाहुणी म्हणून आलेच नव्हते, नमुना म्हणून आले होते. गाण्याच्या मागे लागलं की माणसाचं काय होतं ते दाखवायला विमानाने आणलेला नमुना, तोही चाकाच्या खुर्चीतून. माझा असा संताप झाला की मी सरळ दुसरा कप चहा मागितला. संतापले की मला चहा लागतो.

ट्रॉयमधल्या मराठी घरांची बेसमेंटं मी त्या आठवड्यात बरीच पाहिली, कारण रोज कुणीतरी जेवायला बोलवायचं आणि जेवणाआधी घर दाखवायचं. प्रत्येक बेसमेंटात एक चालायचं यंत्र असतं, त्यावर स्वेटर वाळत असतात, आणि त्याच्यामागे भिंतीला टेकून व्हायोलिनची पेटी असते. पहिल्या घरी मला कौतुक वाटलं. चौथ्या घरी शंका आली. मग कळलं की हे व्हायोलिन वाजवण्यासाठी नसतं, कॉलेजच्या अर्जात लिहिण्यासाठी असतं. मूल सहा वर्षांचं झालं की हातात देतात, दहा वर्षं आई त्याला गाडीतून क्लासला नेते-आणते, आणि चांगल्या कॉलेजचं पत्र आलं की लग्न लागल्यावर मुंडावळ्या काढून ठेवाव्यात तसं ते काढून ठेवतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मुलाला तर सुटल्यासारखंच वाटतं.

रेवाचा गुन्हा एवढाच की ती थांबली नाही. 'अजून व्हायोलिन चालू आहे?' असं तिला लोक विचारतात, 'अजून खोकला आहे?' या सुरात. आणि तिची आई अंजली, जी मोटारी बनवणाऱ्या कंपनीत मोठी इंजिनिअर आहे आणि कुणाला घाबरत नाही, ती पटकन मध्ये पडते आणि म्हणते, "ती हेल्थकेअरमध्ये जातेय."

यंदाचा पाडवा ट्रॉयमध्ये पाडव्यानंतर दोन आठवड्यांनी आला, कारण शाळेचं सभागृह त्या शनिवारी मिळालं. गुढी माइकच्या स्टँडला बांधली होती. लहान मुलांचं लेझीम आणि श्रीखंड-पुरी यांच्या मधली आठ मिनिटं रेवाला दिली होती. तिने एक संथ रचना वाजवली. मला त्यांच्या संगीतातलं फारसं कळत नाही, पण सूर कळतो. एकच स्वर तिने असा काही धरला की मी खुर्चीत पुढे सरकले. तेवढ्यात निवेदक पाय न वाजवता आले आणि हळूच माइकमध्ये म्हणाले की पांढऱ्या गाडीने मागची वाट अडवली आहे, केटररचं श्रीखंड बाहेर अडकलंय, कृपया गाडी मूव्ह करावी. सात जण उठले, कारण पांढरी गाडी सगळ्यांचीच होती. रेवाचा गज अडखळला नाही. ती वाजवत राहिली, शेवटच्या सुरापर्यंत, आणि वाकून नमस्कार करून उतरली. माझ्या शेजारच्या नागपूरच्या काकू म्हणाल्या, "छान वाजवते हो पोरगी. पण करते काय?"

ओहायो

पुढच्या आठवड्यात रेवाला ओहायोतल्या एका गावातून फोन आला. तिथला कुणीतरी पायऱ्यांवरून पडला होता. तिने मला विचारलं, "आत्या, येतेस? इट्स बोरिंग ड्राइव्ह, यू नो." शिरीषला वाटलं मी वाटेत समजवेन, म्हणून त्याने उत्साहाने आमच्यासाठी सँडविचेस बांधून दिली.

वाटेत तिने मला त्यांच्या मैफलीचे नियम सांगितले. बोलायचं नाही. खोकायचं नाही, खोकला आलाच तर वाजवणं जोरात होईपर्यंत धरून ठेवायचा. एक रचना तीन-चार भागांची असते, मध्ये थांबतात, पण तिथे टाळी वाजवायची नाही. मी विचारलं, मग आवडलं तर काय करायचं? ती म्हणाली, "तू ते मनात ठेव आणि एंडला टाळी वाजव." मी म्हटलं, ठीक आहे. आमच्या वडिलांसमोर, अण्णांसमोर, आम्ही जेवायचो ते असंच.

हॉल सुंदर होता, लाकडी. आजूबाजूला सगळी माझ्या वयाची माणसं, स्वच्छ कपड्यांत, हात मांडीवर ठेवून डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखी बसलेली. रेवा पार मागच्या रांगेत होती, मला फक्त तिचा उजवा कोपर दिसत होता. पहिला भाग मी गुण्यागोविंदाने काढला. दुसरा संथ होता. त्यात व्हायोलिनं सगळी बारीक झाली आणि एका वाद्याने, आपल्या सनईची लांबची गोरी बहीण शोभावी असं ते वाद्य, अशी एक जागा घेतली की माझ्या तोंडून निघून गेलं, "वा!"

चांगलं खणखणीत निघालं. चाळीस वर्षं वर्गात शेवटच्या मुलीपर्यंत आवाज पोचवायची सवय. पुढच्या दोन रांगा वळल्या. एका बाईंनी मला औषधाची गोळी देऊ केली. मी शरमेने मान खाली घातली ती शेवटच्या टाळीपर्यंत वर केली नाही.

बाहेर आल्यावर रेवा हसून हसून बेजार झाली होती. तिच्यामागे एक आडदांड, दाढीवाला गृहस्थ हातात छोटी पेटी घेऊन उभा होता. त्या सनईच्या बहिणीचं नाव ओबो आणि हा ते वाजवणारा. त्याने रेवाला विचारलं, ह्याच का त्या बाई? मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यानेच माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, अठ्ठावीस वर्षं मी ती जागा वाजवतोय, कुणी मला काही बोललं नाही. तो शब्द काय होता, तो परत सांगा. मी सांगितला. त्याने तो दोनदा म्हणून पाहिला आणि खूश होऊन गाडीकडे गेला.

परत येताना रेवाने आधी उरलेलं सँडविच संपवलं. मग म्हणाली, "आय वॉज सो जेलस, आत्या." मी म्हटलं, तुझा तर मला कोपरच दिसत होता. ती म्हणाली, तेच ना.

इंडियानाची वाट

ऑडिशनच्या आदल्या दिवशी आम्ही इंडियानातल्या एका शहराकडे निघालो. शहराचं नाव लिहीत नाही, कारण तिथे एक मराठी डॉक्टर राहतात आणि ते वाचतील. सपाट जमीन, नुकतीच नांगरलेली, काळी. सांगलीकडची आठवण यावी अशी, पण माणूस म्हणून औषधाला दिसत नाही. शेत आहे, यंत्र आहे, पण बांधावर बसून बिडी ओढणारा कुणीच नाही. मला ते शेत पोरकं वाटलं.

रेवाने गाडी चालवता चालवताच विचारलं. तिचं मराठी तिच्या आजीकडून आलेलं, म्हणून ते जुनं आणि स्वच्छ आहे, फक्त मध्ये मध्ये इंग्रजी घुसतं.

"आत्या, बाबाने तुला मला थांबवायला आणलंय ना?"

"हो."

"मग थांबव. उद्याच्या आधी सांग, नंतर नको."

मग मी तिला माझी गोष्ट सांगितली, जी मी शिरीषच्या सांगण्यावरून सांगणार होते, पण त्याच्या पद्धतीने नाही. मी सव्वीस वर्षांची असताना कोल्हापूरच्या एका कॉलेजात संगीत शिकवायची जागा निघाली. मुलाखतीला आम्ही चौघी. समोर तीन परीक्षक, त्यांतले दोघे गाणं चालू असताना चहा पीत होते. उरलेल्या तिघींसाठी कुणी ना कुणी आधी शब्द टाकला होता. एकीचे मामा स्वतः तिला दारापर्यंत सोडायला आले होते. आमचे अण्णा हेडमास्तर. परीक्षकांपैकी एक त्यांचे वर्गमित्र. आईने विनवलं, नुसतं भेटून तरी या. अण्णा म्हणाले, गाणं येत असेल तर घेतील. मी त्या दिवशी चांगली गायले. आयुष्यात तितकी चांगली पुन्हा गायले की नाही, शंका आहे. जागा मामावालीला मिळाली. घरी येऊन मी तानपुऱ्याला गवसणी घातली आणि आठ दिवस काढली नाही. नवव्या दिवशी गल्लीतल्या दोन मुली शिकायला आल्या, मग काढावीच लागली.

"यू रिग्रेट इट?" तिने विचारलं.

"रोज," मी म्हटलं. "रोज संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. पाचला मुली यायच्या, मग विसरायचे."

थोड्या वेळाने तिने गाडी थांबवली, मला कॉफी आणून दिली, आणि माझ्या बाजूचं सीट गरम करायचं बटण दाबलं. त्या पोरीची माया अशीच, बटणं दाबून.

रात्री आम्ही मार्ज नावाच्या बाईंकडे उतरलो. सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त. परगावाहून येणाऱ्या वादकांना आपल्या घरी मोफत ठेवून घ्यायची पद्धत त्या गावात आहे. मी शाकाहारी म्हटल्यावर त्यांनी खास माझ्यासाठी घेवड्याच्या शेंगा केल्या आणि 'फक्त चवीपुरतं' डुक्कर घातलं. मी पाव आणि माझी शेंगदाण्याची चटणी खाल्ली. चटणी त्यांनाही दिली. त्यांनी ती आइस्क्रीमवर घालून खाल्ली आणि डबाच ठेवून घेतला. जेवताना मी विचारलं, तुमच्याकडे राहून गेलेल्यांपैकी किती जणांना नोकरी लागली? त्या म्हणाल्या, फार थोड्यांना. एक मुलगा चार वर्षं येत होता, आता पियानो दुरुस्त करतो. दर नाताळला पत्र लिहितो. मग त्यांनी रेवाला विचारलं की ती सकाळी अंडं उकडलेलं खाईल की तळलेलं. हे सगळं त्यांनी एकाच सुरात सांगितलं. ट्रॉयमध्ये त्या पियानोवाल्याचं नाव आवाज खाली करून घेतलं असतं.

पडदा

जागा एक, मुलं साठेक. सगळी आपापल्या पेट्या पाठीला लावून भिंतीकडे तोंड करून वाजवत होती. सगळे एकच तुकडा वाजवत होते आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एका टोपीतून चिठ्ठ्या काढल्या. रेवाला आला चौदा. त्या क्षणापासून तिला नाव नव्हतं.

तिने मला सगळं आधी समजावून ठेवलं होतं, तरी डोळ्यांनी बघितल्यावर मी थक्क झाले. रंगमंच आणि परीक्षक यांच्या मध्ये छतापासून जमिनीपर्यंत काळा पडदा. दारापासून खुर्चीपर्यंत जाड सतरंजी, कारण बुटांच्या आवाजावरून बाई की पुरुष ते ओळखू येऊ नये. वाजवणाऱ्याने बोलायचं नाही. काही विचारायचं असलं तर दाराशी उभ्या असलेल्या बाईच्या कानात सांगायचं, ती परीक्षकांना विचारणार. कोण, कुठली, कोणाची, काही काही कळता कामा नये. कळलं की तो नंबर बाद. रेवाने तरीही बूट काढले आणि मोज्यांवर आत गेली. मी दरवाज्याच्या फटीतून तो पडदा तेवढा पाहिला. कोल्हापूरच्या त्या खोलीत असा एक पडदा असता तर, असं मनात आलंच. मी ते तिथेच थांबवलं आणि लॉबीत जाऊन बसले.

सकाळी पहिली फेरी झाली, साठांचे बारा उरले. चौदा त्यात होता. दुपारी दुसरी झाली, बारांचे पाच. चौदा होता. शेवटची फेरी तीन वाजता होती. तीनला दहा कमी असताना लॉबीचं दार उघडलं आणि काजूकतलीचा डबा घेऊन एक रुबाबदार गृहस्थ आत आले.

"तुम्ही शिरीषच्या ताई ना? मी डॉक्टर बापट. काल रात्री शिरीषचा फोन होता."

मला वाटलं, चौकशीला आले. ते जवळ बसले आणि आवाज खाली करून म्हणाले की ते या ऑर्केस्ट्राला दरवर्षी देणगी देतात, कमिटीवर आहेत, परीक्षकांपैकी दोघे त्यांच्याकडे जेवून गेलेले. शिरीष फोनवर फार कासावीस झाला होता. म्हणाला, काहीही करा. तेव्हा आता ते नुसते आत डोकावतील आणि आपली मुलगी आहे, लक्ष असू द्या, एवढंच सांगतील. "नंबर काय तिचा?"

ज्या भावाने मला हिला थांबवायला सातासमुद्रापलीकडून आणलं, त्यानेच रात्री उठून तिच्यासाठी वशिला लावला होता. आणि तोही जगातल्या अशा एकमेव खोलीत, जिथे वशिल्याने माणूस आत जात नाही, बाहेर फेकला जातो. मी बापटांना ते हात जोडून सांगितलं. ते समजूतदारपणे हसले. "ताई, नियम सगळीकडे असतात. तशी माणसंही सगळीकडे असतात." आणि उठले.

देवाने अशा वेळी बुद्धी दिली त्याचे आभार. ट्रॉयमधल्या सहा आठवड्यांच्या जेवणावळी फुकट गेल्या नव्हत्या. मी म्हटलं, "ते राहू द्या हो. आधी सांगा, तुमची मुलं काय करतात?"

बापट बसले.

थोरला बेलव्ह्यूला सॉफ्टवेअरमध्ये, आता व्हाइस प्रेसिडेंट. कसा झाला ते आठवीच्या गणितापासून. धाकटी अल्फारेटाला, जावई दातांचा डॉक्टर, पण स्वतःच्या मुलीच्या दाताला तार लावायची नाही म्हणतो, कारण हात थरथरतो, म्हणून तिला दुसरीकडे नेतात, चाळीस मिनिटं ड्राइव्ह. फोटो. तार लावण्याआधीचे दात, तार लावल्यानंतरचे दात. ही नात स्पेलिंगच्या स्पर्धेत राज्यात कुठपर्यंत पोचली, कोणत्या शब्दाला अडली, तो शब्द अडण्यासारखा कसा नव्हता. "तीही व्हायोलिन वाजवते बरं का," बापट म्हणाले, "पण व्यवस्थित. अर्जापुरतं."

आत शेवटची फेरी सुरू झाली होती. दोन दारांपलीकडून बारीक सूर येत होते. पाचही जणांना तेच तुकडे वाजवायचे होते, पण चौथा वाजवायला लागला आणि माझी मान आपोआप वळली. सहा आठवडे मी तो संथ तुकडा जमिनीखालून ऐकत झोपले होते. तो स्वर मी कुठेही ओळखला असता. मान वळली तसे बापट थबकले, तेही दाराकडे बघायला लागले आणि त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर गेला. मी चटकन त्यांच्याकडे वळले. "आणि नातीला भाऊ आहे का हो?" होता. जुळेच होते. आत चौदा नंबर जे काही वाजवत होती ते मी ऐकलं नाही. मी जुळ्यांच्या जन्माची हकीकत ऐकली, माना डोलावल्या, मध्ये मध्ये 'मग?' म्हटलं. इतकं कठीण काम मी आयुष्यात केलेलं नाही.

एक तास दहा मिनिटांनी एक बाई कागद घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, चौदा.

रेवा मोज्यांवरच धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. दोघीही रडलो. बापटांनी शांतपणे काजूकतलीचा डबा उघडला, सगळ्यांना वाटली, आणि मला म्हणाले, "बघा. मी नुसता येऊन बसलो, तरी फरक पडतो." मग त्यांनी शिरीषला फोन लावला आणि दोनच शब्द बोलले, "काम झालं."

पुन्हा ट्रॉय

आम्ही पोचेपर्यंत बातमी सगळीकडे गेली होती. बापटांनी शब्द टाकला आणि शिरीषच्या मुलीला चिकटवलं, अशी. गंमत म्हणजे त्यामुळे तिची किंमत एकदम वाढली. नुसती गुणवत्ता असती तर लोकांनी 'वा वा' म्हणून सोडून दिलं असतं, पण शिरीषची पोच इंडियानापर्यंत आहे हे कळल्यावर चौघे जण भेटायला आले. जागा सेकंड व्हायोलिनची आहे (हे व्हायोलिनच्या एका तुकडीचं नाव, नंबर नव्हे) हे कळल्यावर मात्र नागपूरच्या काकू हळहळल्या. म्हणाल्या, थोडक्यात फर्स्ट हुकला, पुढच्या वर्षी पुन्हा बसव.

रेवाच्या कानावर ते गेलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला. ती मला ओढत जिन्याखाली घेऊन गेली. "आत्या, इज इट ट्रू? काका आत गेले होते?" बारा ऑडिशन, सहा वर्षं कॉलेज, दिवसाचे सहा तास, सगळं त्या एका प्रश्नावर टांगलेलं होतं.

मी म्हटलं, "बापट लॉबीतून हलले नाहीत. त्यांच्या नातीला वरच्या जबड्यात तार आहे, खालच्यात नाही. जुळे सातव्या महिन्यात झाले. अजून काही विचार."

ती जिन्यावर बसली आणि हसायला लागली, ते हसणं कधी रडण्यात गेलं ते तिलाच कळलं नाही. मग म्हणाली, हे बाबाला सांगूया. मीही तेच ठरवून आले होते. चांगलं खडसावून सांगायचं, नमुना म्हणून आणलंस मला, आता नमुन्याचं ऐक.

संध्याकाळी शिरीष स्वयंपाकघरात एकटा होता. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलला, भांडी विसळता विसळता, माझ्याकडे न बघता. "ताई, तू कोल्हापूरहून आलीस ना, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. तू तानपुऱ्याला गवसणी घालताना मी दारात होतो. अण्णा तुझ्यासाठी गेले नाहीत. मला तेव्हाच वाटलं होतं, माझं कुणी असेल तर मी जाईन. हिने हे सोडावं असंच मला वाटत होतं, पण परवा रात्री झोपच येईना. ती हरून घरी येईल आणि मी कुणाला साधा फोनसुद्धा केलेला नसेल, हे मला..." त्याने नळ मोठा केला.

एवढा मोठा हृदयाचा डॉक्टर, आणि इतकी वर्षं ती गवसणी जपून बसला होता. मी म्हटलं, "बरं केलंस हो." आणि चहा ठेवला. या वेळचा चहा संतापाचा नव्हता.

रेवाला मी एवढंच सांगितलं की राहू दे त्याला, त्याने टाकलेला शब्द त्याच्यापाशी राहू दे. तिने मान डोलावली. मग तिला एकदम आठवलं. "बट आत्या, तू ऐकलंच नाहीस! फायनल राउंड!"

तिने मला हाताला धरून बेसमेंटमध्ये नेलं. चालायच्या यंत्रावरचे स्वेटर काढून तिथे पलंगपोस टांगला, त्याच्या एका बाजूला मला बसवलं आणि दुसऱ्या बाजूला मोज्यांवर उभी राहिली. मला फक्त पलंगपोसावरची फुलं दिसत होती. मग तो संथ तुकडा सुरू झाला. वर स्वयंपाकघरात शिरीषचा आवाज येत होता, तो फोनवर बापटांचे आभार मानत होता, तुमचे उपकार विसरणार नाही म्हणत होता. खाली रेवाचा गज तसूभर ढळला नाही. तिने तो स्वर धरला, पाडव्याला धरला होता तोच, पण आता त्यात घाई नव्हती आणि भीतीही नव्हती. ओहायोतला माझा शब्द चुकून ओबोवाल्याच्या पदरात पडला होता हे मी विसरले नव्हते. मी घसा खाकरून साफ केला आणि चांगलं खणखणीत म्हटलं, "वा!"

पलंगपोसापलीकडे सूर थांबला. मग चौदा नंबरने नाक ओढलं आणि म्हणाली, "दॅट वन इज माइन."